माझं काही नाही गं

"तू हॉलमध्ये आरास बघ ना. या वर्षी मोदक सोवळ्यात करायचं ठरलंय."

अनघा स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून हे म्हणाली. दारात म्हणजे अगदी मधोमध, एक हात चौकटीवर. माझ्या हातात खवलेल्या नारळाचा डबा होता. दोह्यात फ्रोझन नारळ कुठेही मिळतो, पण त्याचं सारण फडफडीत होतं. म्हणून दर वर्षी तिच्या गणपतीचा नारळ मी घरी विळीवर खवून न्यायचे.

मला आधी वाटलं, गंमत करतेय. सोवळं? अनघाच्या घरी? मागच्या वर्षी हीच बाई गाऊनवर बसून, कानात इअरफोन घालून, पुण्यातल्या नणंदेशी भांडत भांडत उकड मळत होती. मी हसलेसुद्धा. ती हसली नाही.

तिच्या खांद्यावरून मला आतलं दिसत होतं. दोह्याच्या बिन महमूद भागातल्या फ्लॅटचं स्वयंपाकघर ते केवढं असणार. आमच्या मराठी ग्रुपमधल्या चौघी जणी दाटीवाटीने बसल्या होत्या. एकीच्या अंगात जीन्स, दुसरीच्या अंगात कुठल्याशा मॅरेथॉनमध्ये मिळालेला टी-शर्ट. कुणाचे केस ओले नाहीत, कुणी रेशमी नेसलेलं नाही. मला बघून चौघी परातीतल्या उकडीकडे बघायला लागल्या. सोवळं कुठे आहे ते मी शोधत होते. दिसेना. मग डोक्यात प्रकाश पडला. मी दाराच्या बाहेर होते, हेच सोवळं होतं.

"माझं काही नाही गं," अनघा आवाज खाली आणून म्हणाली. "पण बाकीच्यांना जरा... तू समजून घे."

तिने माझ्या हातातला डबा घेतला. आत नेला नाही. दाराबाहेर वॉशिंग मशीन होतं, त्याच्यावर ठेवला. मळक्या कपड्यांच्या टोपलीला लागून.

मी हॉलमध्ये गेले आणि कागदी फुलं चिकटवायला बसले. हो, बसले. वाचणाऱ्याला वाटेल, ही बाई तशीच उलट पावली का नाही निघाली. मलाही आता वाटतं. पण अपमान झाला की आधी पाय जड होतात. राग मागून येतो, दम खात खात.

सोफ्यावर ईरा बसली होती. अनघाची मुलगी, आठवीतली. बोलायला लागली तेव्हापासून मला मावशी म्हणते. मराठी सगळं कळतं तिला, उत्तर मात्र इंग्रजीत देते. तिने टॅबमधून डोकं वर काढलं.

"मावशी, आर यू नॉट मेकिंग द मोदक्स?"

"नाही गं."

"बट युअर्स आर द बेस्ट."

आतून अनघाचा आवाज आला, "ईरा, अभ्यास कर."

ते मोदक मला अनघानेच शिकवले होते. आमच्या घरी गणपती बसत नाही. आमच्या घरी बुद्धाची एक लहानशी मूर्ती आहे आणि निळ्या कोटातला एक फोटो. उकडीचा मोदक मी लग्नानंतर दोह्यात आल्यावर पहिल्यांदा हातात घेतला. अनघाने माझा अंगठा धरून शिकवलं होतं. चिमटीत धर, ओढू नको, फक्त वर ने. दोन-तीन वर्षांत माझ्या कळ्या तिच्यापेक्षा बारीक पडायला लागल्या. लोकांना ती कौतुकाने सांगायची, "हिचे हात बघा." मी देवासाठी जात नव्हते. मैत्रिणीसाठी जात होते.

चिकटवता चिकटवता एक फूल माझ्या हातात चुरगळलं. ते तसंच टीपॉयवर ठेवलं, पर्स उचलली आणि बाहेर पडले. कुणी थांब म्हटलं नाही. सप्टेंबरातलं दोहा, लिफ्टमधून रस्त्यावर आलं की चष्म्यावर वाफ धरते. चष्मा पुसायला म्हणून थांबले तर कळलं, चष्मा आतूनही ओला होता.

दुसऱ्या दिवशी माझा डबा आमच्या बिल्डिंगच्या वॉचमनकडे ठेवलेला मिळाला. काठोकाठ भरलेला. उघडला तर नारळ आंबला होता.

हे सगळं का झालं, ते सांगते.

मी शाळेत समाजशास्त्र शिकवते. भारतीय अभ्यासक्रमाची इंग्रजी माध्यमाची शाळा. वर्गात केरळची मुलं, तमिळ, गुजराती, थोडी मराठी. अनघा त्याच शाळेत आमच्या विषयाची कोऑर्डिनेटर. म्हणजे मी काय शिकवणार हे आधी तिला दाखवायचं, तिने हो म्हणायचं, मग मी वर्गात जायचं. आणि ईरा माझ्याच वर्गात. घरी मावशी, शाळेत मिस. त्याची आम्हाला तिघींना गंमत वाटायची.

सुट्टीनंतरचा पहिलाच मोठा धडा दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदी कायद्यांचा होता. गोऱ्यांचे बाक वेगळे, समुद्रकिनारे वेगळे, बस वेगळ्या, दवाखाने वेगळे. काळ्या माणसाने आपल्याच देशात खिशात पास ठेवून हिंडायचं. पास नसला की तुरुंग. मी अनघाला विचारलं होतं, हे मुलांपर्यंत कसं पोचवू. ती स्टाफरूममध्ये चहा ढवळत म्हणाली होती, "त्यांना जवळचं काहीतरी दे. नाहीतर पोरांना वाटतं, हे सगळं दुसऱ्या ग्रहावर झालं."

हे तिचेच शब्द आहेत. मी विसरलेले नाही.

मुलांना मी त्या काळच्या पाट्या तयार करायला लावल्या. ‘फक्त गोऱ्यांसाठी.’ ‘काळ्यांना प्रवेश नाही.’ मुलांनी रंगीत कागदावर सुंदर अक्षरात लिहिलं आणि मागच्या सॉफ्टबोर्डवर लावलं. मग मी त्यांना पेन्सिलची गोष्ट सांगितली. माणूस गोरा की काळा याचा संशय आला की सरकारी माणसं त्याच्या केसात पेन्सिल खुपसायची. पडली तर एक जात, अडकली तर दुसरी. सगळ्या वर्गाने आपापल्या केसात पेन्सिली खुपसल्या. हसून हसून लोळायची वेळ. एका मुलीचे केस कुरळे. तिची पेन्सिल अडकली ती पडेना. ती हसत होती, मग हळूहळू हसायची थांबली. वर्गही शांत झाला. मला हवा होता तो क्षण हाच होता.

तेवढ्यात पुढच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, बरं झालं आपण इंडियन आहोत, आपल्याकडे असलं काही नव्हतं.

मला तिथे हो म्हणता आलं असतं. घंटेला फार वेळ नव्हता. पण समोर मुलांनी रंगवलेल्या पाट्या होत्या आणि मी त्यांची शिक्षिका होते. मी म्हटलं, "आपल्याकडे होतं. फक्त पाट्या नव्हत्या."

ईराने हात वर केला. तिने इंग्रजीत विचारलं ते असं: मिस, पाटीच नव्हती तर कुठे जायचं नाही हे लोकांना कळायचं कसं?

काय सरळ प्रश्न आहे. एवढ्या वर्षांत मला मोठ्या माणसाने हा प्रश्न विचारला नव्हता. मी तिला उत्तर म्हणून माझी गोष्ट सांगितली. तिच्या आईने जवळचं दे म्हटलं होतं. माझ्याइतकं जवळचं त्या वर्गात कोण होतं?

आमचं गाव लातूर जिल्ह्यातलं. मी सातवीत असताना शाळेत मोठे पाहुणे येणार होते. शाळेचा रिवाज असा की स्कॉलरशिपला पहिली आलेली मुलगी पाहुण्यांना ओवाळणार. त्या वर्षी पहिली मी होते. आईने मला नवा परकर शिवला. हातात तबक, त्यात निरांजन, हळदकुंकू, सुपारी. मी गेटजवळ उभी. पाहुण्यांची जीप आली. तशा आमच्या बाई लगबगीने आल्या, त्यांनी माझ्या हातातलं पेटलेलं तबक काढून घेतलं आणि मागच्या मुलीच्या हातात दिलं. ती मुलगी नापास होता होता वाचलेली. बाई माझ्या कानाशी वाकून म्हणाल्या, "माझं काही नाही गं. पण पाहुणे जुन्या वळणाचे आहेत."

बाई चांगल्या होत्या. हेच तर सांगायचंय. त्या मला जुनी पुस्तकं द्यायच्या, पाठीवर हात ठेवायच्या. मला मारलं असतं, शिवी दिली असती तर मी घरी जाऊन सांगितलं तरी असतं. त्यांनी गोड बोलून माझे हात रिकामे केले. टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या, रिकाम्या हातांनी दुसरं काय करणार.

वर्गात मी हे एवढंच सांगितलं. जातीचं नाव घेतलं, कारण त्याशिवाय गोष्ट कळत नाही. रडले नाही, आवाज चढवला नाही. घंटा झाली. ईरा टेबलापाशी आली आणि म्हणाली, "थँक यू फॉर टेलिंग अस, मिस." त्या दिवशी मी मेट्रोने न जाता घरापर्यंत चालत गेले, इतकं हलकं वाटत होतं.

ईराने घरी जेवताना सगळं सांगितलं. तिला ते भारी वाटलं होतं, म्हणून सांगितलं. बाकीच्या मुलांनीही आपापल्या घरी सांगितलं. आयांचा व्हॉट्सॲप ग्रुप असतोच. शुक्रवारपर्यंत अनघाच्या स्वयंपाकघरात सोवळं आलं होतं.

आता कुणी म्हणेल, अनघाला धक्का बसला असेल बिचारीला. आपली मैत्रीण कोण हे तिला मुलीकडून कळलं.

तिला माहीत होतं. खूप आधीपासून.

ईरा लहान होती तेव्हा आम्ही एकदा अल वक्राच्या किनाऱ्यावर गेलो होतो. थंडीचे दिवस, ओहोटी, ईरा वाळूत खड्डे करत होती. माझं आडनाव गावावरून पडलेलं. त्यावरून कुणाला काही कळत नाही. अनघाने सहज विचारलं, "तुमच्यात मंगळागौर जागवतात ना गं?" ‘तुमच्यात’ या शब्दात काय असतं ते मराठी माणसाला सांगायला नको. खोटं बोलायचा मला कंटाळा आला होता आणि ही माझी मैत्रीण होती. मी सांगून टाकलं.

तिने माझा हात हातात घेतला. म्हणाली, "अगं, माझं काही नाही गं. मी असलं काही मानत नाही." मग थोडं थांबून म्हणाली, "फक्त ग्रुपमध्ये बोलू नकोस. उगाच कशाला?"

पहिलं वाक्य मी घट्ट धरलं. दुसरं कानावर घेतलंच नाही. परदेशात एक माणूस मिळालं होतं. कोण सोडेल?

त्यानंतर मी बाळंतीण झाले तेव्हा डिंकाचे लाडू तिने केले. माझा नवरा कामासाठी समुद्रात तेलाच्या प्लॅटफॉर्मवर असतो, आठवडेच्या आठवडे. त्या काळात तापाने फणफणलेल्या माझ्या लेकाला दवाखान्यात तिने नेलं. आणि जिथे जाईल तिथे ती माझी ओळख करून द्यायची, "ही आपल्यातलीच." मला ते ऐकून बरं वाटायचं. मी ते प्रेम समजत होते. प्रेम असेलही. पण त्या शब्दाने ती मला झाकत होती, हे माझ्या लक्षात आलं नाही. एकदा आमच्या हॉलमधला निळ्या कोटातला फोटो बघून म्हणाली होती, "बेडरूममध्ये लाव ना. लोक विचारत बसतात." मी हलवला होता. मैत्रीत माणूस काय काय हलवतं.

इथे सुट्टी शुक्रवार-शनिवारची. रविवारी शाळा उघडली आणि प्रिन्सिपल सरांनी मला बोलावलं. आत गेले तर अनघा आधीच बसलेली. शुक्रवारनंतर आम्ही पहिल्यांदाच समोरासमोर आलो. तिने कपाळावर गणपतीच्या आरतीचा टिळा ठेवला होता.

सर मऊ बोलतात. म्हणाले, काही पालकांची तक्रार आहे. तुम्ही मुलांच्या मनात जात घातली.

मी घातली! जात मी घातली. मला हसू यायला लागलं, ते मी दातांखाली दाबलं.

सर म्हणाले, आपल्या देशात अस्पृश्यतेवर कायद्याने बंदी आहे, हे तुम्हाला माहीत आहेच.

"हो सर. म्हणूनच पाट्या नाहीत," मी म्हटलं.

सरांना ते समजलं की नाही कोण जाणे. ते अनघाकडे वळले. "तुम्ही यांच्या कोऑर्डिनेटर. मैत्रीणही आहात असं ऐकतो. हे असं काही वर्गात येणार, याची तुम्हाला कल्पना होती?"

मला वाटलं, आता ती सांगेल. फार नको, एवढंच सांगेल की जवळचं उदाहरण दे असं मीच म्हटलं होतं. एवढ्याने भागलं असतं. शुक्रवारचं मी गिळलं असतं, खरंच गिळलं असतं. माणूस मैत्रिणीचं बरंच गिळतं.

अनघा सरळ बसली. "नो सर," ती म्हणाली. "तिने मला कधीच काही सांगितलं नव्हतं. तिच्या बॅकग्राउंडचंसुद्धा मला आत्ताच कळलं. आय वॉज शॉक्ड."

मी तिच्याकडे बघत राहिले. ती एसीच्या रिमोटकडे बघत होती. वक्राचा किनारा, तिचा हात, वाळूतले खड्डे, सगळं तिने एका वाक्यात पुसलं. दारातून मला बाहेर ठेवलं तेव्हा लागलं होतं. पण तिथे निदान ती मला ओळखत होती. इथे तिने ओळखच नाकारली.

मग मदतीलाही तीच धावली. "सर, एक करता येईल. ती वर्गात सांगू शकते की ही एक बनवलेली गोष्ट होती. धडा समजावा म्हणून. टीचर्स असं करतात. पालक शांत होतील."

सरांचा चेहरा उजळला. उत्तम, म्हणाले. माफी नको, काही नको. फक्त स्पष्टीकरण. उद्याच्या तासाला अनघा मॅडम मागे बसतील, म्हणजे पालकांना सांगता येईल. आणि यंदाच तुमच्या कॉन्ट्रॅक्टचं रिन्युअल आहे ना, तेही मग सुरळीत होईल. शेवटी खुर्चीतून उठता उठता ते इंग्रजीत जे म्हणाले, ते ऐकून माझे कान उभे राहिले. "पर्सनली, आय हॅव नो प्रॉब्लेम. बट द पेरेंट्स..."

माझं काही नाही गं. पण.

दुसऱ्यांदा. नाही, वक्रा धरलं, मोदक धरले, तर किती वेळा. बाईंच्या तोंडून मराठीत, सरांच्या तोंडून इंग्रजीत. ज्याला अडचण आहे असा माणूस मला आयुष्यात कधी भेटलाच नाही. अडचण नेहमी दुसऱ्या कुणाला. तो दुसरा कधी समोर येत नाही.

कॉरिडॉरमध्ये अनघाने माझं कोपर धरलं. परत तीच, डिंकाच्या लाडवांची अनघा. "चिडू नकोस. मला नोकरी सांभाळून बोलावं लागतं. उद्या गोष्ट होती म्हण, खलास. ग्रुपला मी बघून घेते. सगळं पूर्वीसारखं होईल. पुढच्या वर्षी मोदकाला तूच आहेस."

ती मनापासून बोलत होती. हेच मला सहन झालं नाही. मी खोटी ठरले की मग ओट्याशी मला जागा होती. मी कोपर सोडवून घेतलं.

घरी येऊन आईला फोन लावला. आई अजून गावीच असते. तिला सगळं सांगितलं. विचारलं, म्हणू का गोष्ट बनवलेली होती म्हणून? नोकरीचा प्रश्न आहे.

आईने आधी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तू तबक धरणार म्हून मी त्या दिशी रोजगार बुडवून आल्ते. गेटाच्या भायेर, लिंबाखाली उभी व्हते. बाईनं तुझ्या हातातलं काढून घेतलं, ते मी बगितलं. मला काय सपान पडलं व्हतं का?"

आई तिथे होती, हे मला माहीत नव्हतं. एवढ्या वर्षांत तिने सांगितलं नाही. माझा अपमान माझ्या एकटीचाच झाला, अशा समजुतीत मी वाढले. ती लिंबाखाली उभी राहून बघत होती आणि घरी जाऊन तिने मला विचारलं, कसा झाला कार्यक्रम? मी म्हटलं होतं, चांगला झाला. आणि ती म्हणाली होती, बरं झालं.

"मंग?" आई म्हणाली. "मला बी खोटी करतीस का?"

मी फोन ठेवला. बेडरूममधला फोटो काढला आणि हॉलमध्ये, दार उघडलं की समोर दिसेल असा लावला. लेकाने विचारलं, इथे का? मी म्हटलं, हा इथलाच आहे.

दुसऱ्या दिवशी वर्गात गेले. अनघा शेवटच्या बाकावर बसली होती, पेन उघडून. सॉफ्टबोर्ड रिकामा. मुलांच्या पाट्या कुणीतरी आधीच काढून टाकल्या होत्या, टाचण्यांची भोकं तेवढी दिसत होती. मुलांना काहीतरी शिजतंय ते कळलं होतं. कुणी चुळबुळ करत नव्हतं.

मी म्हटलं, "मागच्या आठवड्यात मी तुम्हाला माझ्या शाळेतली एक गोष्ट सांगितली. ती बनवलेली होती, असं तुम्हाला सांगावं असं मला सांगण्यात आलंय."

अनघाचं पेन थांबलं.

"ती बनवलेली नव्हती. खरी आहे. त्या दिवशी तिथे माझी आईही उभी होती. ती साक्षीला आहे."

मग मी म्हटलं, त्या दिवशी ईराने एक प्रश्न विचारला होता. पाटी नसली तर कळतं कसं? मी तेव्हा गोष्ट सांगितली, पण उत्तर अर्धंच दिलं. उत्तर असं आहे की पाटी असते. ती भिंतीवर नसते, तोंडात असते. आमच्या भाषेत ती अशी लिहितात. मी मार्कर घेतला आणि फळ्यावर मोठ्या अक्षरात, मराठीत लिहिलं:

माझं काही नाही गं, पण...

मुलांना देवनागरी वाचता येते. हिंदी असते सगळ्यांना. त्यांनी एका सुरात, अडखळत वाचलं. अर्थ कुणाला लागेना. "मिस, व्हॉट डज इट मीन?" कुणीतरी विचारलं. वर्गात मराठी मुलं थोडीच. ती माना खाली घालून बसली होती. ईरा मात्र फळ्याकडे बघत होती. एखादा शब्द वाचायला वेळ लागावा तसं नाही. आवाज ओळखीचा वाटावा तसं.

मी तिला सांग म्हटलं नव्हतं. एका लेकराला त्याच्या आईसमोर उभं करायचं नाही, एवढं मी रात्रीच ठरवलं होतं. ती आपणहून बोलली. अगदी हळू.

"इट मीन्स... इट्स नॉट मी. बट."

बोलून झाल्यावर तिने वळून मागे पाहिलं. आईकडे. शुक्रवारी ईरा सोफ्यावरच होती. तिने सगळं ऐकलं होतं. अनघाने मान वहीत घातली. लिहीत काहीच नव्हती.

ज्या मुलीची पेन्सिल अडकली होती ती म्हणाली, मिस, आमच्या घरी पण असंच म्हणतात, मलयाळममध्ये. कुणी हसलं नाही. मी पुढचा धडा काढला.

तास संपल्यावर अनघा माझ्यासाठी थांबली. डोळे लाल. "तू माझ्या मुलीला माझ्याविरुद्ध केलंस," ती म्हणाली. "मी तुझ्यासाठी एवढं केलं. सगळ्यांना सांगत आले की तू आपल्यातली."

मी म्हटलं, "सरांना का नाही सांगितलंस?"

ती वही उचलून स्टाफरूमकडे गेली.

माझं कॉन्ट्रॅक्ट वाढणार नाही, हे मला तोंडी कळवलं गेलं. पर्सनली कुणालाच काही अडचण नव्हती. मार्चपर्यंत तास आहेत. ईराला दुसऱ्या तुकडीत बसवलं. ग्रुपमधून मला कुणी काढलं नाही, त्यांनी नवीन ग्रुप केला. जुन्या ग्रुपमध्ये मी आणि गेल्या दिवाळीचे फोटो उरलो.

परवा बिन महमूदच्या किराणा दुकानात ईरा भेटली. एकटीच होती, दुधाची बाटली घेऊन. मला बघून थबकली. मला वाटलं, मावशी म्हणेल. बोलायला लागल्यापासून म्हणत आलीय. माझा हात तिच्या डोक्याकडे जायला निघालासुद्धा होता.

"हॅलो, मिस," ती म्हणाली, आणि काउंटरकडे निघून गेली.

दुकानात मी बराच वेळ तांदळाच्या पोत्यांसमोर उभी होते. ते लागलं. तबकापेक्षा, डब्यापेक्षा, सगळ्यात जास्त ते लागलं.

ठीक आहे. मावशी असताना मी कुणाला अडचण नको म्हणून वर्षानुवर्षं गप्प राहिले, फोटो हलवला, नारळ खवला. मिस गप्प राहणार नाही. मार्चपर्यंत या शाळेत, नंतर मिळेल त्या शाळेत, कुठल्याही देशात, आठवीच्या वर्गात हा धडा आला की आधी दक्षिण आफ्रिकेच्या पाट्या लावीन. मग फळ्यावर ते वाक्य लिहीन. आणि कोण म्हणालं होतं असं मुलांनी विचारलं, तर सांगीन.